शेतातल्या मोटारीच्या केबलचा जोड पावसाळ्यात टिकेल असा कसा करायचा?

काळीमाती:
विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. स्टार्टर पेटी विहिरीपासून साधारण ६० मीटरवर, बांधाच्या वरच्या टोकाला. पेटी ते मोटार ४ चौरस मिमीची तीन कोअरची तांब्याची फ्लॅट केबल आहे. रोटाव्हेटरने ती दोन ठिकाणी तुटली, म्हणून मध्ये दोन जोड आलेत. एक बांधावर गवतात आहे, दुसरा विहिरीच्या कठड्याखाली. विहीर तुडुंब भरली की तो पाण्यात जातो. दोन्ही ठिकाणी तारा पिळून वर काळी टेप, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी.

उन्हाळाभर काही होत नाही. मृगाचा पाऊस झाला की बांधावरच्या जोडाजवळ ओल्या मातीत पाय झिणझिणतात. स्टार्टर मात्र ट्रिप होत नाही. टेप सोडली तर आत पाणी आणि तांब्याची तार काळी पडलेली.

तालुक्याच्या दुकानात मिळेल अशा सामानात पक्का जोड कसा करायचा? वरून एमसील किंवा सिलिकॉन भरलं तर चालेल का? की जोड खांबावरच्या बॉक्समध्ये घ्यावा? पोलवरून पेटीपर्यंत आलेली केबल ॲल्युमिनियमची आहे, तिथेही एक पिळलेला जोड आहे.

बांधावरचा_वायरमन:
जोडाचं नंतर बघू, आधी ती लाइन आजच बंद करा. पाय झिणझिणतात म्हणजे करंट मातीत उतरतोय. माणसाच्या दोन पावलांत अंतर कमी असतं. गाय-बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ते बरंच जास्त असतं, त्यामुळे त्यांच्या अंगावर व्होल्टेजही जास्त येतो. तुम्हाला नुसत्या झिणझिण्या येतात त्या जागी जनावर मरू शकतं.

स्टार्टर ट्रिप होत नाही यात नवल नाही. ओव्हरलोड रिले, म्हणजे स्टार्टरमधला जादा करंट ओळखून मोटार बंद करणारा भाग, मोटारीच्या करंटवर लावलेला असतो. तुमच्या मोटारीला तो साधारण ९ ते १२ अँपिअर असेल. जोडातून मातीत अर्धा अँपिअर गेला तरी रिलेला ते कळत नाही, आणि माणसाला त्याच्या दहाव्या हिश्शानेही जीव गमवावा लागतो. त्यासाठी वेगळं आरसीसीबी लागतं, म्हणजे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच. चार पोलचं, ३० मिलिअँपिअरचं घ्या. १०० किंवा ३०० वालं आगीपासून आणि सामानासाठी असतं, माणसासाठी नाही. न्यूट्रल जोडली नसेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये टेस्टचं बटण चालत नाही, म्हणून न्यूट्रलही आणून जोडा. पावसात ते सारखं पडायला लागलं तर बायपास करू नका. गळती कुठे आहे ते शोधा.

काम करायच्या वेळी मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवा आणि ऑटो स्विच बंद करा. ऑटोवर ठेवलेली मोटार लाईट आली की आपोआप सुरू होते, आणि त्यातून अपघात होतात. सिंगल फेजवर चालवायला कंडेन्सर लावला असेल तर लाईट गेल्यावरही तो भरलेला राहतो. दोन बल्ब सिरीजमध्ये घेऊन तो उतरवा. मग तिन्ही तारा एकेक करून टेस्टरने तपासा. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो पेटतो ना ते बघून घ्या. डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) फ्यूजला हात लावू नका, ते लाइनमनचं काम आहे.

तांब्याची_तार:
वरचं सगळं बरोबर. आता जोडाकडे येऊ.

काळी पीव्हीसी टेप करंट अडवायला बनवली आहे, पाणी अडवायला नाही. तिचा चिकट थर उन्हाने पातळ होऊन सरकतो, कडा उचलतात आणि दोन वेढ्यांमधून पाणी आत शिरतं. प्लास्टिकच्या पिशवीने तर उलटंच होतं, आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. शिवाय पाणी जोडाशी थांबत नसतं. बारीक तारांच्या जुडग्यातून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं इन्सुलेशनच्या आत चढत जातं. तुमची तार काळी पडली ती यामुळे. म्हणून आधी काळी तार कापत मागे जा, लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत. काळ्या तारेवर कितीही चांगला जोड केला तरी तो तापतो. हिशेब करा, जोडात ०.१ ओहम रोध आला आणि १० अँपिअर गेले तर तिथे १० वॅट उष्णता तयार होते. गुंडाळलेल्या टेपच्या आत तेवढी इन्सुलेशन मऊ करायला पुरते. मीटरभर कापूनही तार काळीच निघाली तर तो तुकडा टाकून द्या.

एका जोडाला लागणारं सामान असं: ४ चौरस मिमीच्या, कलई केलेल्या, दोन्ही बाजूंनी तार घालून दाबायच्या तांब्याच्या तीन नळ्या, आतून गोंद असलेली ३:१ ची हीट श्रिंक नळी (तापवली की आकसणारी), ९ मिमीची (आकसून ३ होते) प्रत्येकी ९ सेंमीचे तीन तुकडे आणि २४ मिमीची (आकसून ८ होते) ४० सेंमीचा एक, अर्धा मीटर मॅस्टिक टेप (पोकळी भरायची मऊ चिकट पट्टी), १२० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानात मागितल्यावर बहुतेक वेळा साधी २:१ ची पातळ नळी हातात पडते. तिच्यात गोंद नसतो आणि ती पाणी अडवत नाही. गोंदवाली नळी जाड भिंतीची असते, आतून चकाकते आणि साध्या नळीहून बरीच महाग असते. तिथे पैसे वाचवू नका.

तिन्ही जोड एकमेकांशेजारी येऊ देऊ नका, ५-५ सेंमीने मागेपुढे ठेवा. एका बाजूचं बाहेरचं आवरण सोलल्यावर कोअर (आतल्या इन्सुलेशनवाल्या तारा) ६, ११ आणि १६ सेंमी ठेवायचे, दुसऱ्या बाजूला तेच उलट क्रमाने १६, ११ आणि ६. म्हणजे दोन आवरणांमध्ये २२ सेंमीची जागा उघडी राहते आणि ४० सेंमीची बाहेरची नळी दोन्हीकडे ९-९ सेंमी आवरणावर चढते. साडेसातच्या खाली जाऊ नका. आकसताना नळी लांबीतही थोडी घटते, ते धरूनच ४० सांगितले. रंग जुळवून घ्या, नाहीतर मोटार उलटी फिरेल.

तारा दाबायच्या आधी नळ्या सरकवून ठेवायच्या असतात. बाहेरची मोठी नळी एका बाजूच्या केबलवर मागे ढकला. लहान नळ्या प्रत्येक जोडाच्या लांब कोअरवर घाला, ६ सेंमीच्या कोअरवर ९ सेंमीची नळी मावत नाही. हे विसरलं तर दाबलेला जोड कापावा लागतो.

आवरण सोलताना ब्लेड कोअरच्या इन्सुलेशनला लागू देऊ नका. बारीक चीर दिसत नाही, पण पुढे पाणी तिथूनच शिरतं. तार नळीच्या अर्ध्या लांबीपेक्षा १ मिमी जास्त सोला, पूर्ण आत घाला आणि दोन्ही बाजूंनी क्रिम्पिंगच्या हत्याराच्या त्याच मापाच्या डायने (साच्याने) दाबा. पक्कडीने चेपलेली नळी कामाची नाही. दाबून झालं की हाताने जोरात ओढा. हलली तर कापून नवी टाका.

सोल्डर करायचा असेल तर हरकत नाही, फक्त ॲसिडचा फ्लक्स वापरू नका, राळेचाच घ्या. ॲसिड तारेत राहून वर्षभर तांबं खात बसतं. सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि हलत राहिली की तुटते. म्हणून हलणाऱ्या केबलला दाबलेला जोडच बरा.

आता गोंद धरेल अशी जागा तयार करायची. आवरणाचा १० सेंमी भाग आणि कोअरची टोकं पॉलिश पेपरने आडवी घासा, चमक गेली पाहिजे. मग अल्कोहोलच्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. पेट्रोल-डिझेल नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि लगेच ज्योत आणायची आहे. ॲसिटोनने पीव्हीसी फुगून मऊ पडतं. घामाचा हात पुन्हा त्या जागेला लावू नका.

लहान नळ्या आधी आकसवा. नेहमी मध्यापासून बाहेर जा, टोकाकडून सुरुवात केली की हवा आत अडकते. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती नसेल तर नळी आकसली असली तरी चिकटलेली नाही. मग मॅस्टिक. फ्लॅट केबलच्या आवरणातून तीन कोअर वेगळे होतात तिथे कोअरच्या मधल्या खाचांत पोकळी राहते आणि गोल नळी ती भरू शकत नाही. मॅस्टिकचे छोटे तुकडे खाचांत दाबून भरा, वर एक वेढा द्या, मग बाहेरची नळी आणून आकसवा. थंड होईपर्यंत, म्हणजे १०-१५ मिनिटं, जोड वाकवू नका.

काळीमाती:
समजलं. शेतात हीट गन चालणार नाही, तिथे काय करू? कठड्याखालचा जोड पाण्यात जातो, त्यालाही हेच चालेल का? एमसीलचं कोणी सांगितलं नाही.

तांब्याची_तार:
गॅसचा छोटा टॉर्च चालतो. निळी टोकदार ज्योत नको, हवा कमी करून पिवळसर मऊ ज्योत ठेवा आणि सतत फिरवत राहा. नळी सव्वाशे अंशांच्या आतच आकसते, पण खालचं पीव्हीसी त्याआधीच मऊ होतं. ज्योत एका जागी थांबली की आतलं तांबं इन्सुलेशनमधून सरकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मेणबत्ती किंवा लायटर नको. काजळी धरते, आच सगळीकडे सारखी लागत नाही.

टॉर्चही नसेल तर सेल्फ ॲमल्गमेटिंग रबर टेप घ्या. तिला चिकट थर नसतो, ती स्वतःशीच एकजीव होते, पण ताणली तरच. मधला प्लास्टिकचा थर काढत लांबी जवळपास दुप्पट होईपर्यंत ओढा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवा. असे जाता-येता दोन थर, आवरणावर ७-८ सेंमीपर्यंत. सैल गुंडाळलेली रबर टेप काळ्या टेपपेक्षा बरी नाही. ऊन तिला खातं, म्हणून वरून पीव्हीसी टेपचा एक थर द्या. तिचं काम तेवढंच.

एमसील नको. वाळल्यावर दगडासारखं कडक होतं, केबल लवचीक राहते, पीव्हीसीला ते नीट धरत नाही. उन्हाने केबल लांबते, रात्री आखडते आणि चार-आठ महिन्यांत कडेने केसाएवढी फट पडते. सिलिकॉनमध्ये दोन प्रकार आहेत. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना ॲसिड सोडतं, तांब्याला गंज चढवतं. बॉक्सच्या फटी बुजवायच्या असतील तर बिनवासाचं न्यूट्रल घ्या. तारेवर थेट लावायला तेही नको.

कठड्याखालच्या जोडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो तिथे ठेवूच नका. मोटारीकडची केबल सलग वर काढा आणि कठड्याच्या बाहेर, पुराच्या पाण्याच्या वर बॉक्समध्ये घ्या. तिथून पेटीपर्यंत ६० मीटर एकच नवी केबल टाका. दोन जोडांचा एक होईल आणि तोही डोळ्यासमोर राहील. केबल वर पुरत नसेल आणि जोड पाण्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर गोंदाच्या नळ्यांचा वर सांगितलेला जोड करून त्याभोवती रेझिनचा साचा ओता. किटमध्ये पारदर्शक साचा आणि दोन कप्प्यांची पिशवी येते. मधला पडदा फोडून पिशवी न उघडता मळायची, रंग एकसारखा झाला की लगेच ओतायची. उन्हाळ्यात ते झपाट्याने घट्ट होतं, म्हणून पिशवी सावलीत ठेवा. केबल कोरडीठाक हवी. पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याला लागलं की फेस येतो आणि बुडबुडे आत राहतात. पूर्ण कडक होईपर्यंत साचा हलवू नका.

विहिरीतली केबल पाइपला दर ३ मीटरवर बांधा, जोडावर वजन येता कामा नये. एचडीपीई पाइप पाण्याच्या भाराने लांबतो, तेव्हा केबलला थोडी ढील ठेवा. आणि एचडीपीई पाइप असेल तर मोटारीच्या बॉडीला वेगळी अर्थिंगची तार लागते. तीन कोअरच्या केबलमध्ये ती नसते.

पेटीबंद:
बॉक्सचं मी सांगतो, कारण चांगला बॉक्स घेऊन चुकीचा बसवलेला सगळीकडे दिसतो.

आयपी ६५ चा पॉलिकार्बोनेट बॉक्स घ्या. ६५ म्हणजे धूळ जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो, बुडणं चालत नाही. आयपी ६७ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण खांबावर त्याची गरज नाही. केबल खालूनच आत घ्या, वरून किंवा बाजूने नाही. बॉक्सकडे येताना ती आधी खाली उतरून मग वर चढू द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी वळणावरच गळून पडेल.

सगळ्यात जास्त चुकतं ते ग्लँडमध्ये, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथे ती आवळून धरणाऱ्या भागात. ग्लँडचं रबर गोल असतं, तुमची केबल चपटी. कितीही आवळलं तरी दोन्ही कडांना फट राहते. चपट्या केबलचे ग्लँड मिळाले तर तेच लावा. नाही मिळाले तर केबलच्या १५ सेंमी भागावर मॅस्टिकने चपटेपणा भरून काढा, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवा आणि तो गोल झालेला भाग ग्लँडमध्ये पकडा. न वापरलेल्या भोकांना बूच लावा.

दुसरी गोष्ट, बंद बॉक्स कोरडा राहतो असं समजू नका. दुपारी आतली हवा तापून बाहेर जाते. वळवाची सर आली की बॉक्स एकदम थंड पडतो, आतला दाब घटतो आणि गॅस्केटच्या कडेने दमट हवा, कधी पाणीही आत ओढलं जातं. महिन्याभरात तळाशी पाणी दिसतं. तळातल्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचा ब्रीदर प्लग बसवा किंवा ५ मिमीचं भोक पाडून आतून पितळी जाळी लावा. जाळी हवीच, मुंग्या पेटीत शिरल्या की टर्मिनल आणि कॉन्टॅक्टरमध्ये घर करतात. टर्मिनल तळापासून ४-५ सेंमी वर ठेवा. बॉक्स खांबाच्या उत्तर बाजूला लावा किंवा वर पत्र्याची टोपी द्या.

ॲल्युमिनियमचं उत्तर कोणी दिलं नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळलं आणि ओल लागली की ॲल्युमिनियम झिजतं. कोरडं राहिलं तरी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पीळ दर मोसमात सैल होत जातो. एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं घ्यायची बायमेटॅलिक नळी मिळते, तीच दाबा. ॲल्युमिनियमची तार वायर ब्रशने घासून लगेच कॉन्टॅक्ट पेस्ट (ऑक्साइड चढू न देणारं मलम) लावा. पेस्ट नसेल तर घासल्याचा फायदा काही मिनिटांतच जातो. पेटीत थेट स्क्रूखाली ॲल्युमिनियम घेतलं असेल तर लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं टोपण) लावून घ्या.

मेगर५००:
जोड केला आणि मोटार चालली, एवढ्यावर समाधान मानू नका. गळणारा जोडही मोटार चालवतो, हे तुम्ही पाहतच आहात.

५०० व्होल्टचा मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर. मल्टीमीटर काही व्होल्टवर मोजतो, त्याला ओला जोड चांगला दिसतो. वायरमनकडे मेगर नसेल तर रिवायंडिंगवाल्याकडे असतोच, तासाभरासाठी मिळतो. केबल स्टार्टरमधून सोडा, मोटारीच्या बाजूनेही सोडता आली तर उत्तम. प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी घ्या, मूठभर मीठ टाका आणि जोड त्यात बुडवा. केबलची टोकं बाहेर कोरडी राहू द्या. रात्रभर ठेवा. सकाळी तिन्ही कोअर एकत्र बांधून मेगरच्या एका तारेला, दुसरी तार पाण्यात सोडलेल्या उघड्या तांब्याच्या तुकड्याला. नव्या जोडाचं रीडिंग १०० मेगाओहमच्या वर यायला हवं. जोड बुडवल्या-बुडवल्या चांगलं आणि सकाळी पडलेलं असेल तर कुठेतरी गोंद धरलेला नाही, तो जोड कापा. मग कोअर-कोअरमध्येही मोजा, पण त्यासाठी मोटार सुटी हवीच, नाहीतर वायंडिंगमधून शून्य दाखवेल.

मोटार आणि पूर्ण केबल मिळून १ मेगाओहम ही खालची मर्यादा धरा. २४० व्होल्टला त्यातून पाव मिलिअँपिअरही जात नाही. तेच १० किलोओहमवर आलं तर २४ मिलिअँपिअर जातो आणि तो हात सुटू देत नाही. दरवर्षी मेमध्ये एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा रीडिंग घेऊन पेटीच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवा. ५० वरून २० आणि २० वरून ५ अशी घसरण दिसली की मोटार जळायच्या आधी दुरुस्ती करता येते.

काळीमाती:
नवी सलग केबलच टाकतो. रोटाव्हेटर पुन्हा लागू नये म्हणून किती खोल पुरू?

बांधावरचा_वायरमन:
७५ सेंमी खोल, आणि शेतातून तिरकी नको, बांधाच्या कडेकडेने न्या. तुमची फ्लॅट केबल आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेली) नाही, म्हणून ४० किंवा ५० मिमीच्या एचडीपीई पाइपातून घाला, घूस आणि उंदरांनाही तेच उत्तर आहे. खाली ७-८ सेंमी वाळू, पाइप, पुन्हा वाळू, वर आडव्या विटा. मग माती टाकताना अर्ध्या खोलीवर लाल-पिवळी इशाऱ्याची पट्टी. पाइपची दोन्ही टोकं जमिनीवर फूटभर वर काढून तोंडं खालच्या बाजूला वळवा, पाऊस आत जाणार नाही. पाइपाच्या आत जोड ठेवायचा नाही. दोन्ही टोकांना मीटरभर जादा केबल वेटोळं करून ठेवा, पुढे कधी काळी तार कापावी लागली तर तेवढी पुरते. वळणांवर रंगवलेले दगड रोवा, ट्रॅक्टरवाला दरवेळी नवा असतो.